गोळी मात्र चुकवू नको

बाबा, परवा दुकानात एक माणूस आला. माझ्याच वयाचा असेल, पन्नाशी ओलांडलेला, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. घड्यांवर फाटत आलेली चिठ्ठी त्याने काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "वडिलांच्या साखरेच्या गोळ्या. नेहमीच्याच द्या." चिठ्ठी सात-आठ वर्षांपूर्वीची होती. मी विचारलं, "आता वय काय त्यांचं? जेवतात का नीट?" तो हसला. "जेवणाचं काय घेऊन बसलात मॅडम, डोकंच गेलंय त्यांचं. काल चपलांना पाणी घालत होते, झाडं समजून." आणि पुन्हा हसला, शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून, त्यानेही हसावं म्हणून. मागच्या मोरीत जाऊन मी दोन वेळा चूळ भरली. ते हसणं मी ओळखत होते. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी याच काउंटरमागे उभी राहून मी तसंच हसले होते, तुझ्याबद्दल बोलताना.

तुला तू म्हणतेय. घरात आम्ही तुला तूच म्हणायचो, आपल्याकडे बापाला कोण तुम्ही म्हणतं? पण दुकानात फोन यायचा तेव्हा मालकांसमोर मी "हो बाबा, तुम्ही जेवलात का" असं म्हणायची. पलीकडून तू गोंधळून विचारायचास, "कोन तुमी? कोन बोलतंय?" मला लाज वाटायची. तुझ्या बोलण्याची, हाय-नायची, तू फोनवर मोठ्याने ओरडायचास त्याची. म्हणजे पुढे तुझी जी किळस वाटायला लागली तिची सुरुवात तिथूनच होती म्हणायची, आजारपण खूप नंतर आलं.

तू कसा होतास ते आता कोणाला सांगून पटत नाही. मिठागरात तू उन्हात दिवसभर मीठ ओढायचास, पावसाळ्यात भात लावायचास. पाठ अशी की आई तेल चोळताना म्हणायची, लाकूड चोळतेय का माणूस. संध्याकाळी ताटात भाताचा ढीग, त्यावर सुक्या जवळ्याचं कालवण, आणि तो ढीग बघताबघता नाहीसा व्हायचा. डोकं तसंच. कुठला बांध कोणाचा, कुठल्या वर्षी कोणत्या भावाने तो हातभर सरकवला, उधाणाचं पाणी कुठवर आलं होतं, सगळं तुला पाठ. शहरासाठी जमिनी गेल्या तेव्हा मोजणीवाले हातात नकाशे घेऊन यायचे आणि तरी तुलाच विचारायचे. मी शाळेतून येताना बघितलंय, पँट-शर्टातली चार माणसं चिखलात उभी आणि तू पुढे, बोट दाखवत.

जमीन गेली, मिठागर गेलं. तू ओटीवर खुर्चीत बसलास आणि ताटातला ढीग मात्र तेवढाच राहिला. राबणं थांबलं, भूक थांबायला तयार नव्हती. पोट सुटलं, पायाची जखम चिघळली, आणि पनवेलच्या डॉक्टरांनी साखर आहे म्हणून सांगितलं. सकाळी एक, संध्याकाळी एक, जुनी दणकट गोळी. त्याच सुमाराला मी औषधांच्या दुकानात लागले होते. तेव्हापासून तुझ्या गोळ्या माझ्याच हातून यायच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाकीट घेऊन मी गावी यायची. सगळ्यांना सांगायची, माझ्या बाबाची गोळी एक दिवस चुकलेली नाही. त्या वाक्याचा मला कोण अभिमान होता!

आई गेली आणि तू वाळायला लागलास. दरवर्षी थोडा थोडा. दात गेले, दंड गेले, मांड्या गेल्या, लेंग्याची नाडी दोनदा गुंडाळून बांधावी लागायची. ढीगभर भाताच्या जागी दोन मुठी भात, तोही निम्मा टाकलेला. मी काउंटरवर रोज लोकांना सांगते, गोळी जेवणाबरोबर, वजन उतरलं तर डॉक्टरांना दाखवा. पण नव्वद किलोच्या माणसाला लिहून दिलेली गोळी पंचेचाळीस किलोच्या माणसाला मी दहा वर्षं तशीच देत राहिले. चिठ्ठी बदलायला तुला डॉक्टरकडे न्यावं लागलं असतं. रविवारचा अर्धा दिवस गेला असता.

मग तुझं ते सुरू झालं. सकाळी अकराच्या सुमारास, आणि पुन्हा संध्याकाळी. घामाने बनियन ओलं व्हायचं, डोळे भलतीकडेच बघायचे, आणि तू, ज्याने आम्हाला कधी शिवी दिली नाही तो, वहिनीला घाणेरड्या शिव्या द्यायचास. जेवलास की तासाभराने शांत. विचारलं तर काही आठवायचं नाही. एकदा विचुंब्याकडच्या एका बिल्डरचा माणूस बांधाचं विचारायला आला तर तू भिंतीवर हात ठेवून म्हणालास, "हितं पानी हाय, उधान हाय, मांगं सरा." तो माणूस हसत हसत गेला. दादा म्हणाला, "बाबा गेला आता कामातून." कोणीतरी भगत आणला. त्याने तुझ्या उशाखाली लिंबू ठेवलं आणि ते तिथेच सडलं. मी सोमवारी दुकानात ही भिंतीची गोष्ट रंगवून सांगितली. सगळे हसले. मीच आधी हसले होते.

त्यानंतर तुझे कपडे ओले व्हायला लागले. कधी ओटीवर, कधी चुलीपाशी. रविवारी मी येऊन तुला आंघोळ घालायची. वहिनी रोज घालायची ते कोणी मोजत नव्हतं, मी आठवड्यातून एकदा घालायची आणि गावभर सांगायची. तो वास मला सहन व्हायचा नाही. मी नाकाखाली डोकेदुखीचा बाम लावून यायची. एकदा अंगावर पाणी ओतत असताना तू मान वर केलीस, थेट माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, "डोका दुखतो का गो तुझा?" मी हो म्हटलं. तू ओल्या हाताने माझ्या कपाळावरून हात फिरवलास. मला त्या हाताची किळस आली. मी मान मागे घेतली, हे तुला दिसलं की नाही ते मला माहीत नाही.

त्याच दिवशी मी वहिनीला म्हटलं, "रात्रीचं जेवण कमी दे त्याला. म्हणजे सकाळी एवढी घाण होणार नाही. गोळी मात्र चुकवू नको." मी औषधवाली, माझा शब्द म्हणजे डॉक्टरचा शब्द. वहिनी भांडी घासत होती. ती वर न बघता म्हणाली, "मी नाय उपाशी ठेवनार मानसाला." मी चिडले. "तुला काय कळतंय त्यातलं?" पुढच्या रविवारी बघते तर ती तुला गुळाच्या चहात पाव बुडवून भरवत होती. मी कप तिच्या हातातून काढून घेतला. "साखर वाढवून मारशील त्याला!" असं म्हणाले, दादासमोर, शेजारणीसमोर. पुढे वहिनी तो चहा माझ्या पाठीमागे देत राहिली. तू त्या एका वर्षात जगलास तो तिच्या त्या चोरट्या चहावर, हे मला नंतर कळलं. तुला कधीच कळलं नाही.

दादाच्या मुलीची हळद. दारात मांडव, अख्खं गाव जेवायला, स्पीकर सकाळपासूनच सुरू. मी आदल्या दिवशीच आले होते. सकाळी आठला मीच तुला गोळी दिली. नाश्ता येतोच म्हटलं आणि विसरले. पाहुण्यांना पोहे गेले, भटजींना गेले, ढोलवाल्यांना गेले. वहिनी मुलीच्या मागे अडकलेली. साडेदहाला तू मांडवात आलास. वर बनियन, खाली ओला लेंगा, पायात एकच चप्पल. व्याह्यांकडच्या बायका हळदीची ताटं घेऊन बसल्या होत्या, त्यांच्यामधून तू चाललास आणि एकीच्या ताटातली हळद मुठीत घेऊन तोंडात घातलीस. एक बाई किंचाळली. पोरं हसायला लागली. नवऱ्या मुलाच्या मावशीने नाकाला पदर लावला, आणि तो पदर बघून माझ्या कानशिलात रक्त चढलं.

तुझा दंड धरून मी तुला ओढलं. दंड म्हणजे काय, हाडच. मागच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. तू दार वाजवत होतास. "मना भूक लागलीय गो. ए बाय, भूक लागलीय." बाहेर गाणी लागली होती, पण मला ऐकू आलं. स्पष्ट आलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला खाण्याशिवाय काही सुचत नाही. मी साडी झटकली, जिथे तुझा हात लागला होता तिथे ओल्या फडक्याने पुसलं आणि मांडवात जाऊन बायकांना म्हणाले, "वय झालंय हो, डोकं ठिकाणावर नसतं." मावशी म्हणाली, "अशांना बाहेर आणू नये." मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं."

एक वाजता वहिनी ताट घेऊन मागे गेली आणि तिची किंकाळी स्पीकरच्या वर ऐकू आली. तू दाराशी जमिनीवर पडला होतास. तोंडाला फेस, अंग गार, सगळं ओलं. दादाने उचललं, कोणाच्या तरी गाडीत घातलं, पनवेलच्या एका दवाखान्यात नेलं. मी आणि वहिनी मागे बसलो होतो, तुझं डोकं तिच्या मांडीवर.

ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. तिने काही विचारायच्या आधी तुझं बोट टोचलं, यंत्राकडे बघितलं आणि नर्सला ओरडून ग्लुकोज मागवलं. आकडा चाळिशीच्याही खाली होता. तिने शिरेतून ते जाड पाणी द्यायला सुरुवात केली. मी भिंतीला टेकून बघतेय. तुझा चेहरा मातीचा, डोळे अर्धवट. पहिली पिचकारी संपते, दुसरी सुरू होते, आणि तू डोळे उघडतोस. आधी छताकडे, मग दादाकडे, मग माझ्याकडे. आणि वर्षभरात ऐकला नव्हता अशा तुझ्या जुन्या आवाजात विचारतोस, "हलद लागली का पोरीला?"

दादा तिथेच खाली बसून रडायला लागला. डॉक्टरणीने माझ्याकडे बघितलं. "गोळ्या कोण देतं यांना?"

"मीच. मी औषधांच्या दुकानात आहे," मी म्हटलं. तेव्हाही ते सांगताना मान वर होती. "एकही दिवस चुकलेली नाही."

"किती वर्षांपासून हीच गोळी?"

मी सांगितलं.

"आणि खातात किती?"

वहिनी म्हणाली, "दोन घास. सकालपासून तेबी नाय."

डॉक्टरीण ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "म्हातारपणी शरीराची भट्टी मंदावते हो. अंगावरचं मांस जातं, म्हणजे साठवायची जागा जाते. मूत्रपिंडं सुस्तावतात, मग गोळी बाहेर पडत नाही, अंगातच काम करत राहते. आहे ती साखरही खाली ओढते. मेंदूकडे स्वतःचं कोठार नसतं. रक्तातून येईल त्यावरच तो जगतो. साखर उतरली की माणूस बरळतो, शिव्या देतो, कपडे ओले करतो. हे याआधी कधी व्हायचं?"

"अकरा वाजता," वहिनी म्हणाली. "नि सांजचं. चा दिला की बरं वाटायचं त्यांना."

डॉक्टरणीने वहिनीकडे नीट बघितलं. "तुम्ही चहा द्यायचात? गोड? म्हणूनच आजवर निभावलं." मग मला म्हणाली, "एवढे दिवस तुम्ही याला वेड समजत होता? यांच्या मेंदूला भूक लागायची."

तुला दोन दिवस ठेवून घेतलं. अंगात गोळी आहे तोवर साखर पुन्हा पुन्हा उतरणार होती. लग्न तुझ्याशिवाय लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुझ्याजवळ एकटीच होते. तू उशीला टेकून पेज पीत होतास, तुझी तू, वाटी हातात धरून. मध्येच थांबलास आणि विचारलंस, "कडी कोनी लावली होती?"

मला वाटलं होतं तुला काही आठवणार नाही. आधी कधीच आठवायचं नाही. पण दार वाजवलेलं तुला आठवत होतं, आणि कोणीतरी बाहेरून कडी घातल्याचा आवाज. हात कोणाचा होता ते तेवढं नव्हतं आठवत. तू माझ्याकडे बघत होतास. आणि मी म्हटलं, "वहिनीने."

एवढंच. विचार करायला मला क्षणभरही लागला नाही.

नंतर तू दोन वर्षं जगलास. गोळी बदलली, निम्म्याहून कमी केली, दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला दिलं. तुझं डोकं परत आलं. सगळं नाही. डॉक्टरीण म्हणाली होती की काही भोकं राहतील, थोडी वयाची, थोडी त्या साखर उतरण्याची, वेगळी करून दाखवता येणार नाहीत. तू बांध सांगायचास, नावं चुकायचास. पण ओटीवर माणसं पुन्हा बसायला लागली. आणि तू, ज्याला सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवायचं नाही, ती कडी विसरला नाहीस. वहिनीच्या हातचा चहा तू घेणं बंद केलंस. ती कप ठेवायची, तू तोंड फिरवायचास. धाकट्या नातीने आणला तर प्यायचास. एकदा माझ्यासमोर वहिनी म्हणाली, "काय चुकलं का माझं?" आणि तू म्हणालास, "तुला ठावं हाय." तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी ताटातली भाकरी मोडत होते. ती मोडून खाल्ली. घशाखाली उतरली, बाबा. तेव्हाही मला भूक होती.

हिवाळ्यात खोकला छातीत उतरला आणि तू गेलास. शेवटचं पाणी तू माझ्या हातून घेतलंस. वहिनीने चमचा पुढे केला तेव्हा ओठ मिटलेस. गावात सगळे म्हणाले, लेकीने सेवा केली.

आता मी त्या वळणावर आले आहे. खाते तेवढंच, पोट मात्र पुढे आलंय, दंड सैल झालेत. माझीही साखर काठावर आहे, असं डॉक्टर म्हणाले. दुकानात रोजच्या औषधांची नावं ओठावर येऊन परत जातात. माझी मुलगी माझ्याशी मोठ्याने, शब्द तोडून बोलायला लागली आहे, मी तीन वर्षांची असल्यासारखी. आरशात हे सैल अंग बघताना मला तीच किळस येते जी तुला आंघोळ घालताना यायची, आणि मग तशी किळस करणाऱ्या बाईची येते. तिच्यापासून लांब जाता येत नाही. दुकानात स्मरणशक्तीचं टॉनिक मागायला मुलं येतात, आईसाठी, बापासाठी. मी बाटली देते आणि आधी विचारते, जेवतात का, किती जेवतात, वजन बघितलंत का. मालक म्हणतात, ताई, तुम्ही चौकशी फार करता. त्या इस्त्रीच्या शर्टवाल्याला मी गोळ्या दिल्या नाहीत. तो चिडून समोरच्या दुकानात गेला. तिथे त्याला मिळाल्या असणार.

गेल्या रविवारी मी गावी गेले होते. वहिनी आता थकली आहे, गुडघे धरून उठते, तरी माझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. दादा बाहेर गेला होता. घरात आम्ही दोघीच. तव्यावर भाकरी उलटून ती म्हणाली, "बाय, येक इचारू? तुझा बाबा माझ्या हातचा चा का नाय प्यायचा गो शेवटी? मना अजून कलत नाय."

तेव्हा सांगता आलं असतं. दुसरं कोणी ऐकायला नव्हतं. ती रागावली असती, किंवा नसतीही. आजवर कधी रागावलेली मी पाहिलेली नाही. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "मनाला लावून घेऊ नकोस वहिनी. वय झालं होतं त्याचं. डोकं ठिकाणावर नव्हतं."

तिने मान हलवली आणि भाकरी माझ्या ताटात टाकली. मी दोन खाल्ल्या, तिसरी तिने आग्रहाने वाढली तीही खाल्ली. हे पत्र तुला लिहिलंय, पण तुला ते पोचायचं नाही, आणि जिला वाचून दाखवायला हवं ती पळस्प्याच्या अलीकडे, बसने अर्ध्या तासावर राहते. तिच्याकडे हे नेणार नाही. पुढच्या रविवारी मला तिथे जेवायला जायचं आहे.